वाटाणा, घेवडा, वाल, चवळी : वेलांना आधार कशाचा द्यावा आणि कधी?

अंबाजोगाईकर
नमस्कार मंडळी. घरामागे २० बाय १५ फूट जागा आहे. माती काळी, चिकट. उन्हाळ्यात पंजा आत जाईल एवढ्या भेगा पडतात. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात वाटाणा टोकायचा आहे, सोबत वेलघेवडा आणि वालपापडी. मार्चमध्ये त्याच जागी चवळी. एकदाच भक्कम मांडव घालावा आणि सगळं त्यावरच सोडावं असा विचार आहे. चालेल का? की बांबू, तुराट्या (तुरीच्या वाळक्या काड्या), जाळी असं वेगवेगळं करावं लागेल? मापं सांगितली तर फार बरं होईल.

परसदार_परभणी
चालणार नाही. कारण यातला प्रत्येक वेल वेगळ्या तऱ्हेने चढतो, आणि आधार त्यावरून ठरतो.

वाटाण्याचं खोड कशालाही विळखा घालत नाही. पानाच्या टोकाला निघालेले ताणे हेच त्याचे हात, आणि ते दोऱ्यासारखे बारीक. त्यांना पेन्सिलीपेक्षा बारीक काहीतरी लागतं: सुतळी, जाळीचा धागा, तुरीची फांदी. अंगठ्याएवढ्या बांबूला ताणा धड वेढा घालू शकत नाही. म्हणून वाटाण्याच्या बुडाशी नुसते बांबू रोवले की वेल शेजारच्या वाटाण्यालाच धरतो आणि सगळा गुंता मिळून खाली बसतो. 'आधार दिला तरी लोळला' असं म्हणतात ते यामुळे.

घेवडा, वाल, चवळी यांना ताणे नसतात. त्यांचा शेंडा हवेत गोल फिरत आधार चाचपतो आणि खोडच विळखा घालत वर जातं. यांना बांबू उत्तम. दोन बोटं जाडीचा असला तरी धरतात. वाटाण्याला आडवे-उभे बारीक धागे द्या, घेवड्याला उभी काठी किंवा उभी सुतळी पुरते.

आणि वाटाण्याला मांडव तर नकोच. तो छतापर्यंत पोचतच नाही.

उदगीरची_ताई
परसदार दादांचं म्हणणं खरं आहे, पण त्याआधी एक विचारते. अंबाजोगाईकर, पाकिटावर वाण कोणता लिहिलाय ते पाहिलंत का? अर्केल हा वाटाणा दीड-दोन फुटांवर थांबतो. बोनव्हिला दोन-अडीच फूट. त्यांच्यासाठी सहा फुटी जाळी म्हणजे पैसे वाया. सालासकट खायचे गोड वाटाणे असतात, त्यातले उंच वाण मात्र पाच-सहा फूट जातात.

घेवड्याचंही तेच. दुकानात 'घेवडा' मागितला की कुणी फरसबी देतं, कुणी वाल देतं. फरसबीत, म्हणजे श्रावणघेवड्यात, झुडपी वाण जास्त खपतात. ते गुडघ्याएवढेच राहतात, त्यांना काठीच लागत नाही. वालातही कोकण भूषण, अर्का जय, अर्का विजय हे बुटके आहेत. पाकिटावर 'वेलवर्गीय' किंवा 'उंच वाढणारा' असं लिहिलेलं नसेल तर दुकानदाराला स्पष्ट विचारा.

काळी_माती
वाणाचं ताईंनी सांगितलंच. मी खांबाबद्दल लिहितो, कारण आपल्या भागात घोळ तिथेच होतो.

काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. नुसता ठोकून बसवलेला बांबू दोन-तीन पाण्यानंतर हलायला लागतो. भोवती बोटभर फट पडते, वेल भरला की वाऱ्याने अख्खी ओळ कलते. लोक वरच्या गाठी घट्ट करत बसतात; दोष खालच्या खड्ड्यात असतो.

८ फुटी खांब २ फूट खाली गेला पाहिजे. पहारीने ८-९ इंच रुंद खड्डा घ्या, तळाला मूठभर खडी, खांब उभा करा, आणि काढलेली काळी माती परत न भरता मुरूम आणि दगडाचे तुकडे भरा. चार-चार इंचांचा थर, प्रत्येक थर थोडा ओला करून धुमसायचा. मुरूम फुगत नाही, म्हणून पकड राहते. वर थोडा उंचवटा द्या, पाणी खांबाशी साचू नये.

टोकाचे दोन खांब किंचित बाहेर कललेले ठेवा आणि त्यांना ताण द्या: खांबाच्या वरच्या टोकापासून तिरपी तार, दुसरं टोक दीड-दोन फूट खोल पुरलेल्या मोठ्या दगडाला बांधलेलं. मधले खांब सरळ, दर ४ ते ५ फुटांवर एक. ओळ १२ फुटांची असेल तर ४ खांब पुरेत.

नांदेडचा_माळी
वाळवीचं काय? आपल्याकडे सहा महिन्यांत बांबूचं बूड पोखरून ठेवते. खालच्या दोन फुटांना जळकं तेल फासा, काही होत नाही.

परसदार_परभणी
भाऊ, शेताच्या कुंपणाला कुणी लावत असेल, पण भाजीच्या वाफ्यात जळकं तेल नको. इंजिनातून निघालेल्या तेलात धातूचे अंश असतात, ते मातीत उतरतात, आणि वाटाण्याचं बी खांबापासून तीन इंचांवर पडणार आहे. खायच्या शेंगेजवळ ते नकोच.

नांदेडचा_माळी
बरोबर आहे, भाजीच्या वाफ्यापुरतं मागे घेतो. मग डांबर? ते वाळून कडक होतं, तेलासारखं झिरपत नाही.

बुरूडगल्ली
डांबरापेक्षा सोपा उपाय आहे: बांबू जमिनीत घालूच नका. अडीच-तीन फूट लोखंडी अँगलचे तुकडे वेल्डिंगवाल्याकडून कापून घ्या. दीड-दोन फूट जमिनीत, वर एक फूट. त्याला बांबू दोन ठिकाणी तारेने आवळायचा, बूड जमिनीपासून दोन इंच वर. वाळवीला सरळ वाट मिळत नाही. तिने मातीची नळी काढून चढायचा प्रयत्न केला तर ती डोळ्याला दिसते आणि झटकता येते. बांबू खराब झाला तर तेवढाच बदलायचा, खड्डा उकरायचा नाही.

बांबू घेताना दोन गोष्टी बघा. खांबासाठी मानवेल मागा. तो जवळजवळ भरीव असतो, वाकत नाही आणि खिळा मारला तरी पटकन चिरत नाही. आणि कोवळा हिरवा बांबू घेऊ नका. त्यात पिष्ट जास्त, म्हणून भुंगा लागतो आणि पिवळी भुकटी गळायला लागते. तीन वर्षांचा पक्व हवा. ताजा तोडलेलाच मिळाला तर दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून मग सावलीत वाळवायचा. जुनी पद्धत आहे, अजूनही कामाची.

वसमतकर
एवढा खर्च कामून? अर्केल वाटाण्याला तुराट्या लई झाल्या. तूर काढल्यावर जानेवारी-फेब्रुवारीत गावात कुणीही देईल, त्या कोरड्या जागी उभ्या ठेवायच्या. ऑक्टोबरला कामी येतात.

बुडाकडचा जाड दांडा बाजूला काढा, वरचा फांद्यांचा अडीच-तीन फूट भाग घ्या. वाटाण्याच्या दोन ओळी एक वीतभर अंतराने टोका आणि मधल्या पट्टीत तुराट्या ६ इंच खोल रोवा, फांद्या एकमेकींत अडकतील इतक्या दाट. दर ८-१० इंचांवर एक. ताण्याला हवी तशी बारीक फांदी आयतीच मिळते, सुतळीची गरज नाही. हंगाम संपला की वेलासकट चुलीत.

हिरवी_पालवी
वसमतकर काका, आमच्याकडे तूर कमी, कपाशीच सगळीकडे. तुराट्यांऐवजी पऱ्हाट्या चालतील का? त्याही फांद्यांच्याच असतात.

काळी_माती
आधाराला चालतील, पण ठेवू नका, हात जोडून सांगतो. गुलाबी बोंडअळी उरलेल्या किडक्या बोंडांत आणि पऱ्हाट्यांच्या ढिगात सुप्तावस्थेत राहते आणि पुढच्या हंगामात तिचे पतंग बाहेर पडतात. हंगाम संपल्यावर पऱ्हाटी शेतात, बांधावर, घराशेजारी रचून ठेवू नये असं कृषी विभाग सांगतो ते याचसाठी. तुमच्या वाटाण्याला ती अळी काही करणार नाही, पण जानेवारीच्या पऱ्हाट्या ऑक्टोबरपर्यंत परसात ठेवल्या तर मधल्या काळात आजूबाजूच्या शेतातल्या कपाशीची पंचाईत होते. भेंडीवरही ती जगते. सुबाभळीच्या किंवा निर्गुडीच्या फांद्या घ्या, त्या आठवडाभर चांगल्या वाळवून. ओली फांदी रोवली तर ती फुटू शकते.

हिरवी_पालवी
हे कुणी एवढं उलगडून सांगितलं नव्हतं. पऱ्हाट्या रद्द.

परसदार_परभणी
तुराट्यांना माझाही पाठिंबा, फक्त बुटक्या वाटाण्यापुरता. उंच वाणांना जाळी हवी. जाळीबद्दल थोडं सविस्तर लिहितो.

वेलांसाठी मिळणारी नायलॉनची जाळी ४ ते ६ इंची घरांची घ्या. घरातून अख्खा हात आरपार गेला पाहिजे, नाहीतर पलीकडची शेंग तोडता येत नाही. एक-दोन इंची घरांच्या जाळीत कोवळी शेंग शिरते, आत फुगते आणि ओढताना वेलच तुटतो.

आधी वर १४ गेजची जस्ती तार खांबांना ताणून घ्या, जाळीच्या वरच्या कडेतून ती ओवा. खाली जमिनीपासून ६ इंचांवर दुसरी तार, जाळीची खालची कड तिला बांधा. वरची तार नसली की जाळी मध्ये झोळीसारखी लोंबते आणि वेलाचं सगळं वजन मधल्या दोन गाठींवर येतं. जाळी खांबाच्या पश्चिमेला बांधावी. पावसाळ्यात वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो, तो जाळीला खांबावर दाबतो; उलट बाजूला बांधली तर गाठी उपसतो.

खालचे ६ इंच मोकळे सोडणं फार महत्त्वाचं. जमिनीवर पडलेल्या सैल नायलॉनमध्ये साप, सरडे अडकून मरतात. धामण उंदीर खाते, तिचा जीव आपल्या जाळीने जाऊ नये. त्या ६ इंचांसाठी रोपाशेजारी एकेक काडी तिरपी टेकवा, ताणा तिच्यावरून जाळीला पोचतो.

गच्चीवाली
गच्चीवर खड्डा कुठे घेणार? १५ बाय १५ इंचांच्या पिशवीत वेलघेवडा लावायचा असेल तर काय करावं?

उदगीरची_ताई
गच्चीवाली ताई, पिशवीतच चार बांबू रोवून शंकू केला तर भरलेला वेल वाऱ्याने पिशवीसकट आडवा होतो. पिशव्या कठड्याला लागून एका ओळीत ठेवा. कठड्याला दोन लोखंडी पाइप किंवा भक्कम बांबू उभे आवळा, वर आडवा बांबू, त्यावरून प्रत्येक रोपाला एक सुतळी खाली सोडा. म्हणजे वजन कठड्यावर जातं, पिशवीवर नाही. एका पिशवीत तीन रोपं बास.

सुतळीचं खालचं टोक रोपाला बांधू नका, वाऱ्याने रोप मुळासकट उपटतं. पिशवीच्या कडेच्या भोकातून ओवा. आणि कोरडी सुतळी कचकचीत ताणू नका. भिजली की ती आकसते आणि आडवा बांबू खेचते. इंचभर ढील ठेवा.

बुरूडगल्ली
जमिनीवर शंकू करणाऱ्यांसाठी: तीन फूट व्यासाच्या गोलात चार-पाच बांबू, वरून ८ इंच खाली बांधलेले, ही रचना दिसायला सुरेख. पण सगळे वेल वर एकाच ठिकाणी गोळा होतात, तिथे हवा खेळत नाही, आणि शेंगाही त्याच झुबक्यात लपतात. त्यापेक्षा बांबूंच्या जोड्या कैचीसारख्या मध्यावर, छातीच्या उंचीला, एकमेकींत छेदा. वरची टोकं उघडी राहतात, वेल बाहेरच्या अंगाला झुकतो आणि शेंगा मोकळ्या लोंबतात. कैचीच्या बेचक्यातून एक आडवा बांबू लांब टाकला की सगळी ओळ एकजीव होते.

वसमतकर
मक्याच्या ताटाला घेवडा चढवतात, त्याचं कुणी काहीच बोललं नाही? आधाराचा खर्च शून्य.

काळी_माती
वसमतकर काका, होतं, पण वेळ जमली पाहिजे. घेवडा आणि मका एकाच दिवशी लावले तर घेवडा आधी वर जातो आणि कोवळ्या मक्याला वाकवतो. मका गुडघ्याएवढा झाला की बुडापासून वीतभर अंतरावर घेवडा टोकायचा, एका ताटाला एकच वेल. कणसं हिरवी तोडली तरी ताट उपटायचं नाही. आणि पाच-सहा फुटांचाच बुटका मका असेल तर वेल टोकाला पोचून परत खाली लोंबतो. वालाला तर मका अजिबात पुरत नाही, वजनानेच मोडतो.

अंबाजोगाईकर
सगळ्यांचे मनापासून आभार. आता असं ठरतंय: वाटाणा अर्केल आहे (पाकीट पाहिलं), त्याला तुराट्या. वेलघेवड्याला १२ फुटांची ओळ, अँगल आणि जाळी. वालपापडीसाठी मांडव. फक्त मांडवाची मापं कुणी दिली नाहीत.

मेढ_मांडव_सेलू
मांडवाचं मी सांगतो. १० बाय १० फूट, खांब ९, म्हणजे दर ५ फुटांवर एक. मेढी, म्हणजे वर बेचकं असलेले खांब, असल्या तर उत्तम, बेचक्यात आडवं लाकूड आपोआप बसतं. उंची जमिनीवर ६ ते साडेसहा फूट. शेंग खाली लोंबली पाहिजे आणि हात वर करून तोडता आली पाहिजे. आठ फूट केला तर शिडी घेऊन फिरावं लागतं. कडेने १२ गेज तार, आत दीड-दीड फुटांवर १६ गेज तारेचे चौकोन. साधारण ४० मीटर तार आतल्या चौकोनांना लागते. वालाला सुतळीचं छत नको. हा वेल सहा-आठ महिने उभा राहतो आणि सुतळी पावसाळ्याच्या दोन-तीन महिन्यांतच कुजते. एवढ्या मांडवाला चार वेल पुष्कळ, प्रत्येक कोपऱ्यात एक आळं. छतापर्यंत वेलाला एकच काठी, वाटेतल्या बगलफुटी खुडायच्या, छतावर पोचला की शेंडा खुडायचा म्हणजे तो चहूकडे पसरतो.

पण थांबा. हे सगळं जून-जुलैत लावलेल्या वालासाठी. तुम्ही ऑक्टोबरात लावताय ना?

उदगीरची_ताई
सेलूकरांनी नेमकं धरलं. जुना वेलवाल दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाही. जूनमध्ये लावला तर ऑक्टोबरपर्यंत नुसता वाढत राहतो, म्हणून त्याला मांडव लागतो. ऑक्टोबरात लावला तर दिवस आधीच लहान असतात, वेल चार-पाच फुटांवरच फुलायला लागतो. मांडवाचं छत यंदा मोकळंच राहील. यंदा वालही घेवड्याच्या जाळीच्याच ओळीत घ्या, फक्त अंतर तीन फूट ठेवा. मांडव मे अखेरीस घाला, पहिल्या पावसाला वाल टोका.

अंबाजोगाईकर
एवढा खर्च वाचला! मग १२ फुटांऐवजी १८ फुटांची ओळ करतो, खांब ५. जाळी कुठल्या दिशेने?

परसदार_परभणी
उत्तर-दक्षिण ओळ असेल तर दोन्ही अंगांना ऊन मिळतं, जमली तर तीच करा. तुमची २० फुटांची बाजू पूर्व-पश्चिम असेल तर जाळी वाफ्याच्या उत्तर कडेला घ्या, कारण डिसेंबरात भर दुपारी ६ फुटी जाळीची सावली उत्तरेकडे साडेपाच फुटांच्या आसपास पडते. दक्षिण कडेला लावलीत तर वाटाणा थेट सावलीत जाईल. मे महिन्याच्या मध्याला सूर्य आपल्याकडे माध्यान्ही डोक्यावर येतो, तेव्हा हा प्रश्न उरत नाही.

घेवडा जाळीपासून दोन-तीन इंच सोडून, दोन बियांत ६ ते ८ इंच, खोली दीड इंच. जाळी आधी, बी नंतर. रोपं वर आल्यावर खांब ठोकले तर मुळं तुटतात, आणि शेंगवर्गीय पिकाला मुळं दुखावलेली सोसत नाहीत.

गच्चीवाली
घेवड्याचा शेंडा सुतळीला गुंडाळून दिला की दुसऱ्या दिवशी सुटलेला दिसतो. का?

काळी_माती
उलटा गुंडाळला जात असेल. घेवडा आणि चवळी वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने फिरतात. त्याच दिशेने द्या, धरून ठेवतील. आणि दुपारी द्या. सकाळी शेंडा पाण्याने टरारलेला असतो, वाकवला की मट्कन मोडतो. बांधायचंच असेल तर जुन्या सुती साडीची पट्टी, इंग्रजी आठच्या आकारात, बोट आत जाईल इतकी सैल. प्लॅस्टिकची बारीक सुतळी खोडात रुतते.

नांदेडचा_माळी
मार्चच्या चवळीसाठी एक. त्याच जाळीवर लांब शेंगेची चवळी चढेल, झकास चढेल. पण कुणाकडे नायलॉनऐवजी लोखंडी जाळी असेल तर एप्रिल-मेमध्ये ती एवढी तापते की टेकलेला कोवळा शेंडा करपतो. तिच्यावर दर फुटाला उभी सुतळी बांधा, वेल सुतळीवरून जातो. आणि या चवळीच्या शेंगा दीड-दोन फूट लोंबतात, म्हणून खालच्या दोन फुटांतली पहिली फुलं काढून टाका. मातीला टेकलेली शेंग वाकडी होते आणि सडते.

हिरवी_पालवी
घेवडा संपल्यावर जाळीतून वेल कसा सोडवायचा? तासन् तास जातात त्यात.

उदगीरची_ताई
हिरवा वेल ओढूच नको गं. जमिनीलगत विळ्याने काप, मुळं मातीतच राहू दे, त्यावरच्या नत्राच्या गाठी तिथेच कुजतील. आठ-दहा दिवस वेल जाळीवरच वाळू दे. मग जाळी खाली काढून फरशीवर आपट, बहुतेक चुरा होऊन पडतो. पानांवर तांबेरा किंवा भुरी असेल तर तो चुरा खताच्या खड्ड्यात न टाकता जाळ, आणि जाळी साबणाच्या पाण्यातून काढून कडक उन्हात दोन दिवस वाळव.

अंबाजोगाईकर
जागा मोजली. लांब बाजू पूर्व-पश्चिमच निघाली, म्हणून जाळी उत्तर कडेला. पण मग जाळी खांबाच्या पश्चिमेला कशी बांधणार?

परसदार_परभणी
पूर्व-पश्चिम ओळीला तो नियम लागू नाही, वारा ओळीच्या लांबीतून जातो. जाळी दक्षिणेला, उन्हाच्या अंगाला बांधा, आणि पश्चिम टोकाच्या खांबाचा ताण दुपटीने भक्कम करा. सगळा ओढा त्याच्यावर येणार आहे. त्याच्या दगडाचा खड्डा आधी घ्या, बाकीचे नंतर.